मारवेल गवत व त्याची लागवड

मारवेल हें ठोंबांनीं वाढणारें बहुवर्षायु गवत होय. याच्या पेरांवर पांढऱ्या केसांचें कडें असतें. या खुणेवरून तें सहज ओळखतां येतें. मध्यम ते भारी जमिनींत, शेतांच्या बांधांवर व ओढ्यांच्या कांठीं तें आपोआप उगवतें.

गुरें हें गवत ओलें व वाळलें, दोन्ही प्रकारें आवडीनें खातात. परंतु पुष्कळ ठिकाणीं कापणी दिवाळीनंतर, गवत पिवळें पडल्यावर होते. तोंपर्यंत बीं झडून काड्या टणक होतात व पौष्टिक अंश बराच घटतो. असा चारा गंजीस पुष्कळ दिसला तरी जनावराच्या अंगीं लागत नाहीं. सबब निम्मा फुलोरा येतांच, पावसाची उघडीप पाहून, जमिनीपासून तीन-चार इंच ठेवून कापणी करावी, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

बारमाही चराईनेंहि नुकसान होतें. चांगलीं गवतें नाहींशीं होऊन माळावर कुसळी माजते.

ताजें बीं नीट उगवत नाहीं. म्हणून लागवड ठोंबांनींच करणें सोयीचें. मृगाचा पाऊस चांगला झाल्यावर जुने ठोंब मुळ्यांसह फोडून दीड-दीड फुटावर लावावे. पहिल्या वर्षीं तण काढावें व गुरें मुळींच सोडूं नयेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें (स्थापना १९६८) ‘फुले मारवेल’ हा सुधारलेला वाण काढला आहे. त्याचे ठोंब मिळाल्यास तेच लावावे.

एकदां जम बसला कीं हें गवत वर्षानुवर्षें चारा देतें व बांधाची मातीहि धरून ठेवतें. यंदां निदान एका बांधावर तरी शेतकरी बंधूंनीं हा प्रयोग करावा.