बेल्ट घरी बदलायचा असेल तर

चि. छोटी,


तुझी आई फोनवर म्हणाली, की तू स्कूटरचा बेल्ट घरीच बदलायचं ठरवलंस आणि भाऊजी ‘पोरीनं कशाला हात काळे करायचे’ म्हणून अडून बसले आहेत. हात काळे होतील, पण धुतले की निघतात. माझा जन्म एसटीच्या कार्यशाळेत गेला, तेव्हा या वादात मी तुझ्याच बाजूचा. पण मामा पाठीशी आहे म्हणून लगेच पाना हातात घेऊ नकोस.

आधी बेल्ट बदलायला झाला आहे का, ते बघ. देवळीहून वर्ध्याला जाऊन-येऊन साधारण ३५ किलोमीटर. महिन्याचे २५ दिवस धरले तरी वर्षाला दहा हजारांच्या वर जातं. अशा गाड्यांचा बेल्ट २० ते २५ हजार किलोमीटरच्या आसपास बदलावा, म्हणजे तुझ्या हिशेबानं दोन-सव्वादोन वर्षांत. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, तोच खरा मान. त्यात आपला उन्हाळा ४५ अंशांना टेकतो, पांदणीची धूळ आत जाते, आणि भाऊजी त्याच गाडीवर ढेपेचं पोतं वावरात नेतात. बेल्ट लवकर जायला आणखी काय पाहिजे? निघताना गाडी थरथरत असेल, इंजिन नुसतं ओरडतं आणि वेग येत नाही असं होत असेल, तर वाट बघू नकोस. बेल्ट तुटला की इंजिन चालू राहतं आणि गाडी जागची हलत नाही. मग सावंगीच्या अलीकडे, भर उन्हात, ढकलत जायचं.

तुझ्या आजोबांच्या चेतकचे गिअर डाव्या मुठीत होते. बिनगिअरची स्कूटर आपल्याकडे रुळली ती कायनेटिक होंडामुळे. फिरोदियांच्या कायनेटिकनं जपानच्या होंडाशी १९८४ साली भागीदारी केली, त्यातून ती आली. गिअरचं काम बेल्टकडून करून घ्यायची ही युक्ती त्याहून जुनी आहे. नेदरलँड्सच्या डाफ कंपनीनं १९५८ मध्येच ती मोटारीत बसवून दाखवली होती. युक्ती अशी: पुढच्या पुलीत छोटे जड रोलर असतात. इंजिनचा वेग वाढला की गोफणीतल्या दगडासारखे ते बाहेर धाव घेतात आणि पुलीचे दोन गाल जवळ ढकलतात. बेल्ट वर चढतो. त्याची लांबी तर तेवढीच, म्हणून मागच्या पुलीत तो स्प्रिंग दाबून गाल फाकवत खाली उतरतो. गिअर बदलतो तो असा. एवढं डोक्यात बसलं, की कुठला भाग का झिजला हे तुझं तुलाच कळेल.

गाडी थंड असताना डबल स्टँडवर घे. डाव्या झाकणाचे बोल्ट सारखे दिसले तरी लांबीला वेगळे असतात. पुठ्ठ्यावर झाकणाची आकृती काढून ज्याच्या त्याच्या जागी खोचत जा. आतली काळी पूड बेल्टची आणि क्लचच्या शूजची असते. तिच्यावर तोंडानं फुंकर मारायची नाही. तोंडाला ओढणी बांध आणि ओल्या फडक्यानं पूस. आत तेल दिसलं तर काम तिथेच थांबव: सील गळतं आहे, आणि नवा बेल्टही त्या तेलात वाया जाईल.

आता मोठे नट. पुढच्या पुलीचा एक, मागच्या क्लचच्या वाटीचा एक. गल्लीतला कोणीतरी नक्की सांगेल, की पुलीच्या पात्यांत पेचकस अडकव आणि नट फिरव. ऐकू नकोस, पातं मोडतं. पुली धरायचा होल्डर मिळतो, तो वर्ध्याहून आण, नाहीतर ओळखीच्या मिस्त्रीकडून दिवसभरासाठी माग.

जुना बेल्ट उलटा वाकवून दातांच्या मुळाशी भेगा बघ, व्हर्नियरनं रुंदी मोज आणि पुस्तकातल्या मर्यादेशी ताडून पाहा. रोलर एका बाजूनं चपटे झाले असतील तर सगळे एकदम बदल, आणि वजन तेच घे. हलके रोलर टाकले की गाडी उडते, असं सांगणारे भेटतील. तुला वर्ध्याला वेळेवर पोचायचं आहे, शर्यत लावायची नाही. पुलीच्या गालांना ग्रीसचं बोटही लागू देऊ नकोस.

बसवताना खरी मेख एकच आहे, आणि घरी केलेली बहुतेक कामं तिथेच बिघडतात. बेल्टवर बाण असेल तर तो चाक फिरण्याच्या दिशेनं ठेव. मग मागच्या पुलीचे गाल फाकवून बेल्ट तिच्यात खोल दाबून बसव, म्हणजे पुढे तो सैल पडतो. तो असा सैल पडला नाही तर पुढचा गाल मधल्या बुशवर टेकण्याऐवजी बेल्टवर टेकतो. नट गच्च झाला असं हाताला वाटतं, पण तो बेल्टवर गच्च झालेला असतो. गाडी चालली, बेल्ट सरकला, की नट ढिला. मग पुलीचे दाते खाल्ले जातात आणि क्रँकशाफ्टचेही. तिथून पुढचा खर्च इंजिन उघडण्याचा. म्हणून नट आवळण्याआधी गाल दात्यांवर पूर्ण आत गेला आहे ना, हे डोळ्यांनी बघ. आवळण्याचा जोर टॉर्क पान्यानं, पुस्तकातल्या आकड्याइतकाच. मग मागची पुली हातानं फिरव. बेल्ट सरळ चालला पाहिजे.

झाकण लावल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. पहिली चक्कर गल्लीत मार, महामार्गावर नको. जुना बेल्ट तुटलेला नसेल तर डिकीत ठेव, अडीअडचणीला घरापर्यंत आणेल.

एक नट मात्र तुझा नाही. क्लचचे शूज आणि मागची पुली ज्या मोठ्या नटानं एकत्र धरलेली असतात, त्याच्यामागे दाबलेली स्प्रिंग आहे. दाब न धरता सोडला तर तो भाग तोंडावर येतो. मागची पुली अडखळत असेल, तिच्यातलं ग्रीस वाळलं असेल, तर तो जुडगा काढून तसाच मिस्त्रीकडे ने आणि तिथेच उघडू दे. भाऊजींनी आग्रह केला तरी घरी तो नट सोडायचा नाही.

तुझा,
मामा
नागपूर