द्राक्षबागाइतदार आणि मोबाईल

बाजारभाव मोबाईलवर घरबसल्या कळूं लागले म्हणजे बागाइतदारास चार पैसे अधिक मिळणारच, अशी समजूत सर्वत्र दृढ आहे. ती तपासून पाहण्याचा एक चांगला प्रयत्न आपल्याच प्रांतांत झाला. २००७ सालीं महाराष्ट्रांत रॉयटर्स मार्केट लाइट नांवाची सेवा सुरू झाली व ती मोबाईलवर भाव, हवामान आणि पीकसल्ला पाठवूं लागली. फाफशां व मिंटन या दोघा अर्थशास्त्रज्ञांनीं शंभर गांवांत तिची परीक्षा घेतली. त्यांत डाळिंब, टोमॅटो, कांदा इत्यादि पिकांचे शेतकरी होते. सेवा घेणाऱ्यांस सरासरीनें अधिक भाव मिळाल्याचें दिसलें नाहीं, असा निष्कर्ष २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. आम्हांस याचें नवल वाटत नाहीं. आडत्याची उचल घेऊन बसलेल्यानें दुसऱ्या पेठेचा भाव वाचून गाडी वळवावयाची तरी कशी?

मोबाईलचा खरा उपयोग, आमच्या मतें, जेथें निर्णय सर्वस्वीं बागाइतदाराच्या हातीं असतो तेथें आहे. ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस घ्या. पालवी कोवळी, आभाळ भरलेलें, आणि केवड्याची (ज्यास हल्लीं सर्वजण डावणी म्हणतात) धास्ती. या रोगाचें बीज पानावर पाणी असल्यावांचून रुजत नाहीं. म्हणून पाऊस किती पडला याहून पान किती तास ओलें राहिलें, हें कळणें अधिक महत्त्वाचें. बागेंत उभारलेलें हवामानयंत्र हा ओलावा, उष्णमान व आर्द्रता मोजून मोबाईलवर कळवितें; त्यावरून फवारणी आजच करावी कीं टाळावी, हें ठरवितां येतें. टळलेली प्रत्येक फवारणी म्हणजे वांचलेला पैसाच. खर्च जड वाटल्यास शेजाऱ्यांनीं मिळून यंत्र घ्यावें. परंतु ओढ्याकांठची सखल बाग व माळावरची बाग यांस एकच यंत्र लावूं नये. दोहींतील दंव सारखें नसतें. ओलावा मोजणारी पट्टी औषधानें व धुळीनें माखते, तीहि वरचेवर पुसावी.

रोगट पानाचें छायाचित्र तज्ज्ञाकडे पाठवितांना पुष्कळ जण केवळ वरची बाजू टिपतात. तें अपुरें आहे. केवड्याचा तेलकट पिवळा डाग वर दिसतो, पण पांढरी बुरशी पानाच्या खालीं असते. दोन्ही बाजू पाठवाव्या.

सर्वांत अधिक आळस होतो तो नोंदींत. २०१० सालीं युरोपांत गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश मर्यादेबाहेर आढळला आणि माल अडकला. तत्पूर्वींच अपेडाची ग्रेपनेट व्यवस्था सुरू झालेली होती. तींत निर्यातीची प्रत्येक बाग नोंदविली जाते व नमुन्याची तपासणी त्या बागेशीं जोडलेली असते. तेव्हां औषध कोणतें, किती, कोणत्या तारखेस मारलें व काढणीस किती दिवस उरले, हें प्रत्येकानें लिहून ठेविलेंच पाहिजे. बाटलीवरील चिठ्ठीचें व दुकानाच्या पावतीचें छायाचित्र काढून ठेवावें. हें काम फवारणीचा पंप धुण्यापूर्वींच बागेंत उरकावें. सायंकाळीं घरीं गेल्यावर मात्रा आठवत नाहीं.