सहा नद्या, एक घाट आणि पप्पांची सायकल

चौथ्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर झाला त्याच दिवशी कँटीनमध्ये ठरलं: आकुर्डी ते जुन्नर, सायकलवर. जाऊन-येऊन साधारण 160 किलोमीटर, दोन दिवस. दोघा मित्रांकडे गिअरच्या सायकली होत्या. माझ्याकडे पप्पांची 28 इंची काळी सायकल, जिच्यावर त्यांनी भोसरी एमआयडीसीत 11 वर्षं फर्स्ट शिफ्ट केली. पप्पा मूळचे जुन्नर तालुक्यातले. निघताना ते एवढंच म्हणाले, “येताना खेडच्या घाटात बसून उतरू नको. हातात धरून चाल.” मी हो म्हणालो आणि विसरलो.

पुणे-नाशिक रस्ता नकाशात सरळ दिसतो, सायकलवर मात्र तो लाटांसारखा लागतो. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या पूर्वेकडे वाहतात आणि आपण चाललेलो असतो उत्तरेला, त्यामुळे प्रत्येक नदी आडवी येते. मोशीला इंद्रायणी, वाकीला भामा, राजगुरुनगरला भीमा, मंचरच्या पुढे कळंबला घोड, नारायणगावला मीना आणि जुन्नरला कुकडी. नदीकडे उतरा, पूल ओलांडा, पुन्हा चढा. मोटरसायकलवर याच रस्त्याने कितीदा गेलो असेन, पण हे कधी जाणवलंच नव्हतं!

पहिला थांबा चाकण. चाकण म्हटलं की आपल्याला गाड्यांचे कारखाने आणि कॅम्पस इंटरव्ह्यू आठवतात. पण गावात संग्रामदुर्गाचे अवशेष आहेत. 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या फौजेला इथे जवळजवळ दोन महिने थोपवून धरलं. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हा किल्ला पडला. इथे ना डोंगर, ना कडा. मग किल्ला का? तर जुन्नरची वाट इथून जाते म्हणून. कंटेनरच्या रांगेतून सायकल काढताना ते आपोआप पटतं.

राजगुरुनगर, म्हणजे हुतात्मा राजगुरूंचं जन्मगाव खेड, सोडलं की घाट. आता बाह्यवळण झालंय, आम्ही मुद्दाम जुन्या घाटाने गेलो. दोघं मित्र गप्पा मारत पुढे, आणि मी निम्म्यातच खाली उतरलो. स्टॅमिना कमी पडला म्हणून दोघांनी भरपूर चिडवलं. संध्याकाळी जुन्नरला लॉजवर हिशेब मांडला. (मेकॅनिकलवाल्यांनी वही काढावी, इतरांनी पान उलटू नये.)

मी 65 किलो, सायकल सामानासकट 20. चढ 5 टक्के धरा. मागे खेचणारं बल 85 × 9.8 × 0.05, म्हणजे 42 न्यूटन. टायरच्या घर्षणाचे 7 मिळवा, झाले 49. माझ्या सायकलला पुढे 44 दाते, मागे 18. पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल 5.4 मीटर जाते. क्रँक 17 सेंटीमीटरचा. म्हणजे पॅडलवर सरासरी 25 किलो वजनाइतका जोर हवा. पण तो जोर फेऱ्यात सगळीकडे सारखा लागत नाही. क्रँक आडवा असताना तो जवळपास दुप्पट होतो. 65 किलोच्या माणसाने प्रत्येक पॅडलवर 50 किलो टाकायचे! मित्राच्या सायकलवर पुढे-मागे सारखे दाते लावले तर सरासरी 10 किलो पुरतात. काम तेवढंच, फक्त त्याचे पाय अडीचपट फिरतात. दोघांना वही दाखवली, तेव्हा चिडवणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे शिवनेरी. 1630 मध्ये शिवराय जन्मले ती जागा पाहून बाहेर आलो. वरून कुकडीचं खोरं आणि पश्चिमेला नाणेघाटाची दिशा दिसते. कल्याणहून माल घेऊन येणारे बैल सातवाहनांच्या काळात तोच घाट चढून जुन्नरला यायचे. त्या बैलांबद्दल मला एकदम आदर वाटला.

परतताना खेड घाटाच्या माथ्यावर पावसाची सर आली. चढताना चालावं लागल्याचा राग होताच, म्हणून उतारावर बसलो. दुसऱ्या वळणाआधी दोन्ही ब्रेक दाबले आणि काहीच झालं नाही. क्रोमच्या रिमवर पाणी आलं की रबराची पकड कित्येक पटींनी कमी होते, हे मला नंतर समजलं. त्याच हिशेबाने अशा उतारावर हवेचा विरोध धरूनही वेग ताशी 35 पर्यंत जातो. आकडा लहान वाटतो, पण समोरून टेम्पो येत होता. बूट रस्त्यावर घासत सायकल डोंगराच्या बाजूच्या खडीत घातली आणि आडवा झालो. कोपर सोललं, पुढचं चाक वाकडं झालं. खेडपर्यंत सायकल हातात धरूनच आणली.

घरी पप्पांनी बुटाचा तळ उलटा करून पाहिला. मला वाटलं आता ऐकावं लागणार. त्यांनी एवढंच विचारलं, “कितव्या वळणाला?”

“दुसऱ्या.”

त्यांनी पँट वर करून नडगीवरचा वण दाखवला. तो कंपनीतल्या मशीनचा आहे असं मी लहानपणापासून समजत होतो.

“मी तिसऱ्याला,” पप्पा म्हणाले, आणि पान्हा शोधायला आत गेले.