दोन पायथन, एक लॅपटॉप

प्रश्न : लॅपटॉपवर पायथन ३.८ आणि ३.१२ दोन्ही आहेत. कॉलेजचा जुना प्रोजेक्ट ३.१२ वर चालत नाही. एक काढून टाकू का?
– एक विद्यार्थी, शेलूबाजार (जि. वाशीम)

उत्तर : मुळीच काढू नका. ३.१२ मधून ‘डिस्टयुटिल्स’ हे मॉड्यूल वगळलं आहे. जुने प्रोजेक्ट बरेचदा तिथेच अडतात. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पी-वाय, स्पेस, वजाचिन्ह आणि शून्य टाइप करा, बसवलेल्या आवृत्त्यांची यादी दिसेल. शून्याऐवजी ३.८ लिहा, तीच सुरू होईल. विंडोजच्या ‘पाथ’ सेटिंगमध्ये हात घालू नका. तिथे एक पायथन चालू करताना दुसरं बिघडतं. त्याच ३.८ च्या कमांडपुढे वजाचिन्ह-एम, व्हीईएनव्ही आणि फोल्डरचं नाव देऊन त्या प्रोजेक्टचं स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करून घ्या. मात्र ३.८ चे सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबले, म्हणून नवं काम ३.१२ वरच करा.