पस्तीस वह्या

इंग्लंडमधील केंब्रिज शहरापासून काही मैलांवर स्वॅफम बुलबेक नावाचे एक लहानसे खेडे आहे. १९८३ सालानंतर त्या खेड्यातील एका घराच्या बागेत एक अबोल, सडपातळ वृद्ध गृहस्थ माती उकरण्यात आणि रोपे लावण्यात गढून गेलेले दिसत. एखाद्या कचेरीतून निवृत्त झालेले हे कारकून असावेत, असेच परक्या माणसाला वाटले असते. वस्तुतः रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोनदा मिळविणारे ते जगातील पहिले शास्त्रज्ञ होते. त्यांचे नाव फ्रेडरिक सँगर. प्रयोगशाळेत खटपट करीत बसणारा एक साधा माणूस, एवढीच आपली ओळख ते सांगत.

सँगर यांचा जन्म १३ ऑगस्ट १९१८ रोजी ग्लॉस्टरशर परगण्यातील एका खेड्यात झाला. वडील डॉक्टर होते. मुलानेही डॉक्टर व्हावे, असे घरात सर्वांनी गृहीत धरले होते. परंतु फ्रेडरिकने वडिलांचा दिनक्रम जवळून पाहिला होता. एका रोग्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी त्यांची सारखी धावपळ चाले. आपला स्वभाव तसा नाही, एकच प्रश्न हाती घेऊन त्याचा पिच्छा पुरविणे आपल्याला अधिक मानवेल, हे त्याने ओळखले आणि विज्ञानाची वाट धरली.

केंब्रिज विद्यापीठात त्याची गणना हुशार विद्यार्थ्यांत मुळीच होत नसे. भौतिकशास्त्र आणि गणित त्याला जड जाई. अभ्यासक्रमाचा पहिला भाग इतर मुले दोन वर्षांत संपवीत. त्याला तीन वर्षे लागली. कोणतीही शिष्यवृत्ती त्याला कधी मिळाली नव्हती. घरची स्थिती चांगली नसती तर केंब्रिजची पायरी आपण चढलोच नसतो, असे पुढे ते मोकळेपणाने सांगत. अशातच आईवडील दोघेही कर्करोगाने गेले. शेवटच्या परीक्षेत मात्र जीवरसायनशास्त्रात त्याला पहिला वर्ग मिळाला आणि त्याचे सर्वांत अधिक आश्चर्य त्यालाच वाटले!

दुसरे महायुद्ध सुरू झाले. सँगर क्वेकर पंथाच्या संस्कारांत वाढलेले होते. शस्त्र हाती धरण्यास त्यांनी नकार दिला, काही काळ रुग्णालयात सेवकाचे काम केले आणि मग ते केंब्रिजला परतले. १९४३ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यानंतर लवकरच त्यांच्यापुढे तो प्रश्न आला, ज्याने त्यांची पुढील दहा वर्षे व्यापून टाकली. इन्शुलिनची घडण कशी आहे, हा तो प्रश्न.

मधुमेहाच्या रोग्यांना इन्शुलिन दिले जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. ते एक प्रथिन आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्ले नावाच्या लहान लहान घटकांची माळ. माळेतील मणी कोणते, हे त्या काळी ओळखता येत असे. पण कोणता मणी कोणामागे ओवला आहे, हे कोणालाच सांगता येत नव्हते. असा काही निश्चित क्रम असेल, याचीही अनेक विद्वानांना शंका होती.

सँगर यांनी असे एक द्रव्य उपयोगात आणले की, ते माळेच्या टोकाच्या मण्याला चिकटे आणि तो मणी पिवळा होई. मग आम्लाने माळ तोडली की पिवळा मणी कोणता, हे पाहून टोक ओळखता येई. पण मधल्या मण्यांचे काय? त्यासाठी त्यांनी योजलेली युक्ती एका उदाहरणाने समजेल. अनोळखी लिपीतील एकच ओळ शेकडो कागदी पट्ट्यांवर लिहिलेली आहे, अशी कल्पना करा. प्रत्येक पट्टी वेगवेगळ्या जागी फाडली आणि सारे तुकडे एकत्र मिसळले. एका तुकड्याचा शेवट दुसऱ्या तुकड्याच्या आरंभाशी जुळतो का, हे पाहत बसले तर हळूहळू सबंध ओळ पुन्हा उभी राहील. सँगर यांनी इन्शुलिनचे असेच असंख्य तुकडे केले, गाळणकागदावर ते एकमेकांपासून वेगळे केले आणि मोठ्या धीराने जुळवीत नेले. एकूण ५१ मणी, दोन माळा. एकीत २१ आणि दुसरीत ३०. या दोन माळा एकमेकींना कोठे जोडल्या आहेत, हेही १९५५ मध्ये स्पष्ट झाले. प्रत्येक प्रथिनाला स्वतःचा ठरलेला क्रम असतो, हे त्यामुळे निर्विवाद झाले. १९५८ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

एवढा मान मिळाल्यावर माणूस बहुधा प्रयोगाच्या मेजावरून उठतो. मोठी खुर्ची येते, समित्या येतात, व्याख्याने येतात. सँगर यांना यांतील काहीच नको होते. विचार करणे, बोलणे आणि हाताने काम करणे या तिहींत आपल्याला तिसरेच आवडते आणि तेच आपल्याला बरे जमते, असे ते म्हणत. परंतु इन्शुलिननंतरची कित्येक वर्षे हाती मोठे यश असे काही आलेच नाही. त्या वर्षांना ते स्वतःच दुष्काळाची वर्षे म्हणत. अशा वेळी जुन्या विद्येला चिकटून राहणे सोपे असते. सँगर यांनी मात्र पुन्हा विद्यार्थी होण्याचे ठरविले. १९६२ मध्ये ते केंब्रिजमधीलच रेणवीय जीवशास्त्राच्या नव्या प्रयोगशाळेत गेले आणि प्रथिने बाजूला ठेवून आरएनए व डीएनए यांच्याकडे वळले. नवे शास्त्र, नवी साधने, सारेच पहिल्यापासून शिकायचे होते. शिवाय या क्षेत्रात त्यांच्या आधी पोहोचणारेही होते. एका आरएनएचा संपूर्ण क्रम अमेरिकेतील रॉबर्ट हॉली यांनी १९६५ मध्ये प्रथम लावून दाखविला. सँगर मागे पडले, पण थांबले नाहीत. प्रयोग फसला तर त्याचे दुःख करीत न बसता लगेच पुढच्या प्रयोगाची आखणी करावी, हा त्यांचा नित्याचा उपाय होता.

त्यांची सर्वांत चतुर युक्ती १९७७ मध्ये सिद्ध झाली. डीएनएची भाषा चार अक्षरांची असते. सँगर यांनी चार परीक्षानळ्यांत एकाच डीएनएच्या नकला तयार करविल्या आणि प्रत्येक नळीत त्या चारांपैकी एका अक्षराचे सदोष रूप थोडेसे मिसळले. हे सदोष अक्षर साखळीत शिरले की साखळी तेथेच खुंटे. अशा रीतीने लहानमोठ्या लांबीचे असंख्य तुकडे मिळत. विजेच्या साहाय्याने ते एका पातळ थरातून लांबीप्रमाणे वेगळे केले की, छायाचित्राच्या फिल्मवर शिडीच्या पायऱ्यांसारख्या रेषा उमटत. ती शिडी खालून वर वाचावी, की क्रम तयार! त्याच वर्षी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विषाणूच्या डीएनएची सुमारे ५,४०० अक्षरे प्रसिद्ध केली. १९८० मध्ये दुसरे नोबेल पारितोषिक आले.

यानंतर तीनच वर्षांनी, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, सँगर निवृत्त झाले. काम ऐन भरात असताना त्यांनी हातातील उपकरणे खाली ठेवली, याचे अनेकांना नवल वाटले. त्यांचे म्हणणे सरळ होते. काम शिखराला पोहोचले आहे. याउपर रेंगाळलो तर उतारच लागायचा, आणि एखाद्या तरुणाला मिळू शकणारी जागा आपण अडवून बसलो, ही रुखरुख मनाला लागेल. मग आयुष्यभर मेजावर राबलेले हात मातीत राबू लागले. बागकाम आणि नौकाविहार हे त्यांचे दोन छंद होते. पत्नी जोन यांची चाळीसहून अधिक वर्षांची सोबत होतीच. आपल्याला शांतपणे काम करता आले ते त्यांच्यामुळे, असे सँगर कृतज्ञतेने सांगत. सरकारने ‘सर’ ही पदवी देऊ केली, तेव्हा लोकांनी आपल्याला ‘सर’ म्हणावे हे न रुचून त्यांनी ती नाकारली.

१९९३ मध्ये केंब्रिजजवळ हिंक्स्टन येथे डीएनए वाचनाचे एक मोठे केंद्र उभे राहिले. त्याला सँगर यांचे नाव देण्याची परवानगी मागण्यात आली, तेव्हा त्यांनी ती दिली. पण काम चांगले झाले पाहिजे, असे बजावूनच. २००३ मध्ये मानवी डीएनएच्या सुमारे तीन अब्ज अक्षरांचे वाचन पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. त्यातील जवळजवळ एक तृतीयांश वाचन याच केंद्रात, आणि तेही सँगर यांच्याच पद्धतीच्या सुधारलेल्या रूपाने झाले होते. १९ नोव्हेंबर २०१३ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या प्रयोगांच्या पस्तीस वह्या आज जतन करून ठेवलेल्या आहेत. पहिली १९४४ सालची आहे आणि शेवटची १९८३ सालची.