रान राखताना

सिंधुदुर्गात आमच्या घराण्याचं थोडं रान आहे. ऐन, किंजळ, बेहडा, रातांबे, करवंदीच्या जाळ्या. कोकणातलं बरंचसं जंगल असं खासगीच, कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावरचं. निवृत्तीनंतर त्याची राखण अंगावर घेतली, तेव्हा वाटलं होतं, आता झाडं कळतील. कळली ती जास्त करून माणसं.

१. रान राखायचं तर आधी भाऊबंद राखावे लागतात. लाकडाचा ठेकेदार एकेका हिस्सेदाराला गाठतो, तेही नेमकं पोरांची फी भरायच्या दिवसांत. चुलतभावाला मी पर्यावरण समजावू लागलो, तर तो शांतपणे म्हणाला, "मग माझा हिस्सा तूच घे ना!" यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

२. झाडं लावण्याची हौस बहुतेक आपल्याच समाधानासाठी असते. तोडलेल्या ऐन-किंजळीच्या बुंध्यातून फुटवे आपसूक येतात. रोपांचं गाठोडं घेऊन निघालो, तर गडी म्हणाला, "लावतास कित्याक? आसा ता वाढांदे." मालकी मिरवायला यापेक्षा कमी वाव कुठे असेल?

३. ठेकेदार ज्या झाडाला हात लावत नाही, ते आधी बघावं. जुन्या, पोकळ बेहड्याला लाकूड म्हणून मोल नाही. पण धनेशाची मादी अशाच ढोलीत स्वतःला कोंडून घेते, आणि नर बारीक फटीतून तिला फळं भरवतो. एवढी ढोली तरण्या झाडात मिळत नाही. निवृत्त माणसाला हे ऐकून बरं वाटतं.

४. वणव्याला बांधाची हद्द कळत नाही. गवत वाळायच्या सुमारास हद्दीवर जाळरेषा काढतो. पण धूर दिसल्यावर पहिला फोन शेजाऱ्यानेच करायचा असतो. त्याच्याशी आमचं पिढीजात भांडण होतं. ते मिटवायला मोठं मन लागलं नाही, फाल्गुनातली भीती पुरली.

५. देवराईला देवाचा धाक असतो. आमच्या रानात देव नाही, म्हणून मी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याचा धाक घालतो. ठरावीक जातींची झाडं मालकीची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. एरवी सरकारी कागदांना नावं ठेवणारा मी, ठेकेदारासमोर हा कायदा भक्तिभावाने सांगतो.

६. रातांबे-करवंदं वेचायला येणाऱ्या बायकांना अडवू नये. रानात परकी कोयती कुठे वाजतेय, हे मालकाच्या आधी त्यांना कळतं. कुंपणाला खर्च येतो. त्यांना फक्त "येवा" म्हणावं लागतं.

तुमच्याही सातबाऱ्यावर असा एखादा तुकडा पडून असेल. विकायची सही करण्याआधी एकदा तिथे जाऊन या, आणि जाताना न बोलणाऱ्या एखाद्या चुलतभावाला बरोबर घ्या.