यंत्राच्या कुत्र्याची कीव का येते?



यंत्रमानव हा शब्द आपण ऐकला आहे. पण सगळी चालणारी यंत्रे माणसासारखी नसतात. काही चार पायांची असतात आणि जनावरासारखी चालतात. अमेरिकेत बोस्टन डायनॅमिक्स नावाची कंपनी आहे. तिने २००५ साली 'बिगडॉग' म्हणजे 'मोठा कुत्रा' नावाचे यंत्र बनवले. त्याचे वजन सुमारे ११० किलो, म्हणजे एका क्विंटलपेक्षा जास्त होते. डोंगरात सैनिकांचे ओझे वाहावे म्हणून ते तयार केले होते. २०१५ साली याच कंपनीने 'स्पॉट' नावाचा लहान कुत्रा दाखवला. याला डोके नाही, शेपूट नाही, तरी चालताना तो अगदी खरा वाटतो.

गुरुजींनी आम्हांला दोघांची चित्रफीत दाखवली. तिच्यात एक माणूस चालत्या यंत्राला बाजूने जोरात लाथ मारतो. यंत्र कलंडतं, त्याचे पाय फाकतात, धडपडतं आणि पुन्हा उभं राहतं. वर्गात काहीजण हसले. पण पुष्कळजण "अगं आई गं!" म्हणाले. पहिलीतली एक मुलगी तर "त्याला मारू नका" असं ओरडली. २०१५ साली परदेशातल्या मोठ्या माणसांनाही ते पाहून वाईट वाटलं होतं.

आता लाथ का मारतात ते सांगते. रागाने मारत नाहीत. ती यंत्राची परीक्षा असते. यंत्राच्या अंगात कल मोजणारी साधने असतात. अंग किती कललं ते ती क्षणोक्षणी मोजतात. संगणक लगेच हिशेब करतो आणि पाय कुठे टाकायचा ते ठरवतो. आपण बांधावरून घसरलो की पाय आपोआप बाजूला पडतो ना, तसंच. पण आपल्याला लागलं तर कळ येते. यंत्राला कळ येत नाही.

मग आपल्याला कीव का येते? याचे कारण हालचाल. १९४४ साली अमेरिकेत हायडर आणि सिमेल या दोघांनी लोकांना एक छोटा चित्रपट दाखवला. त्यात फक्त एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण आणि एक गोल सरकत होते. काय दिसलं असं विचारल्यावर बहुतेकांनी गोष्टच सांगितली. मोठा त्रिकोण भांडखोर आहे, लहान दोघे पळताहेत, असं! शेतातलं बुजगावणं हलत नाही, म्हणून चार दिवसांनी कावळे त्याच्याच डोक्यावर बसतात. जे आपणहून हलतं त्याला मन जिवंत समजतं.

कधी कधी कीव वाटण्याऐवजी भीती वाटते. जपानच्या मासाहिरो मोरी यांनी १९७० साली हे लिहून ठेवले. यंत्र थोडे माणसासारखे असले की आवडते. फारच माणसासारखे झाले, पण काहीतरी चुकले, की एकदम नकोसे वाटते. त्यांनी खोट्या हाताचे उदाहरण दिले. हात खरा वाटतो, पण हातात घेतला की गार लागतो आणि आपण दचकतो.

सगळ्यात मोठी गोष्ट आता सांगते. २००७ साली 'वॉशिंग्टन पोस्ट' या वर्तमानपत्रात ती आली होती. अमेरिकेच्या सैन्यासाठी काडीकिड्यासारखे पुष्कळ पायांचे यंत्र बनवले होते. जमिनीत पुरलेल्या सुरुंगावर त्याने पाय द्यायचा. सुरुंग उडायचा, एक पाय तुटायचा आणि ते उरलेल्या पायांवर पुढे जायचे. शेवटी एकाच पायावर ते सरपटू लागले. बनवणारा खूश होता. पण तिथल्या कर्नलसाहेबांना बघवेना. हे अमानुष आहे म्हणून त्यांनी चाचणी थांबवली.

यावर आमच्या वर्गात भांडण झालं. निम्मे म्हणाले, यंत्राचे पाय तुटले तर माणसांचे वाचतात, थांबवायला नको होतं. निम्मे म्हणाले, साहेबांचं मन चांगलं होतं. मला दोन्ही पटतं. यंत्राला काम करू द्यावं. पण ज्याला बघवत नाही, त्याला हसू नये.

घरी मी हे आजोबांना सांगितलं. आजोबा म्हणाले, "यंत्राला दुखत नाही तरी तुम्ही रडता. आपल्या बैलाला दुखतं, त्याचं काय?" ते खरं आहे. उसाची गाडी चढाला लागते, बैल गुडघ्यावर येतो, तरी त्याला पराणीची आर टोचतात. तो धडपडून उठतो, अगदी त्या यंत्रासारखा. पण त्याला कळ येते आणि सांगता येत नाही. रोज बघून बघून आपल्याला ते दिसेनासं झालं आहे.

म्हणून पालकांनो, एक विनंती आहे. गाडीत ओझं बेताचं भरा आणि पराणीची आर काढून टाका. आणि मुलांनो, रस्त्यावरच्या कुत्र्याला दगड मारू नका.

विचार करा आणि गुरुजींना उत्तर सांगा :
१. कर्नलसाहेबांच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?
२. कोणत्या न हलणाऱ्या वस्तूची तुम्हांला कीव येते? का?

– इयत्ता ४ थीतील एक विद्यार्थिनी